वाढत्या अंगाची खुर्ची घ्यावी का? (सीपी चेअर, व्हीलचेअर, स्टँडिंग फ्रेम वगैरे)

माहुलीची_सून

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

लेक साडेचार वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. चारही हातापायांत ताठरपणा, पायांत जास्त. मान चांगली धरते. भिंतीला टेकवून बसवलं तर दोन-तीन मिनिटं बसते, मग डावीकडे कलते. बोलते कमी, पण समजतं सगळं. घरात भांडण कुणाचं चाललंय आणि कोण हरतंय हेसुद्धा. आजवर कडेवर, मांडीवर नाहीतर पलंगावर लोडाला टेकून असा दिवस जातो. आता वजन चौदा किलो झालंय आणि माझी कंबर बोलायला लागलीय.

यंदा आल्याला भाव बरा मिळाला, तर सासरे म्हणाले, पोरीला खुर्ची घेऊन टाक. इथपर्यंत छान. मग दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मोठाच साइज न्या, वाढतं अंग आहे, चार वर्षं बघायला नको. आपण शाळेचा गणवेश घेतो ना, तसं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, चाकाची खुर्ची आली की पोर पायावर उभं राहायचं विसरतं. शेजारच्या काकू म्हणतात वॉकर घ्या. साताऱ्यात आठवड्यातून एकदा दाखवतो ते फिजिओ म्हणतात स्टँडिंग फ्रेम, म्हणजे पट्ट्यांनी धरून मुलाला उभं ठेवणारी चौकट. आणि आमचे हे म्हणतात, सगळ्यांना विचारून झालं असेल तर एकदा सुताराला विचारू.

तर आधी काय घ्यावं? मोठी घेतली तर खरंच चालतं का? घर जुनं आहे, दाराला उंबरा आणि पुढे चार पायऱ्या. हेही लक्षात घेऊन सांगा.

बिनकामाचा

यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

खुबा_गुडघा_घोटा

मिरजेत लहान मुलांची फिजिओथेरपी करते, चौदा वर्षं झाली. लेकीला न पाहता ठाम काही सांगणार नाही, पण दुकानात पुन्हा जायच्या आधी हे वाचा.

खुर्ची कोणती, हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी ठरवायचं की तिला त्या खुर्चीत काय करायचंय. जेवायचं, चित्र काढायचं, की आत्याच्या घरी जायचं? जेवायला-खेळायला बसायची खुर्ची स्थिर आणि ट्रेवाली लागते. बाहेर न्यायची खुर्ची हलकी, घडीची, मोठ्या चाकांची लागते. दोन्ही कामं एकाच खुर्चीकडून करून घ्यायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात. पैसे एकीपुरतेच असतील तर दिवसाचे जास्त तास जिथे जातात तिथली आधी घ्या. तुमच्या वर्णनावरून ते तास घरातले दिसतात.

आता वाढत्या अंगाचं. फ्रॉक मोठा झाला तर बाही दुमडता येते. खुर्चीची बैठक दुमडता येत नाही. बैठक खोल असली की तिची कडा मुलाच्या पोटरीत रुतते. मूल काय करतं, बूड पुढे सरकवतं. बूड पुढे आलं की कंबर मागे गोल होते, पाठीला पोक येतो आणि समोर बघायला मान वर ताणावी लागते. मग आपणच म्हणतो, खुर्चीत बसवलं की ही मान धरत नाही! रुंद असली तर ज्या बाजूला कल आहे तिकडे कलायला मोकळं रान मिळतं. तुमची लेक डावीकडे कलते म्हणालात ना, तिला रुंद खुर्ची म्हणजे रोज पाच तास डावीकडे कलण्याचा सराव.

माप घरी असं घ्या. पलंगावर अजिबात नको, गादी दबते. लाकडी स्टुलावर बसवा, तळवे खाली टेकलेले, टेकत नसतील तर पाट ठेवा. एकानं मागून धरायचं. दोन्ही मांड्यांना बाहेरून एकेक जाड वही उभी लावा आणि त्या दोन वह्यांच्या मधलं अंतर मोजा. ही झाली रुंदी. बैठक त्याहून फार तर इंचभर जास्त. मग बुडाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा, त्यातून दोन बोटं वजा करा. ही बैठकीची खोली. गुडघ्याच्या घडीपासून टाचेपर्यंत मोजताना रोज घालायचे बूट किंवा एएफओ (घोटा-तळवा धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार) घालूनच मोजा. तळवा अधांतरी राहिला की सगळं मूल अधांतरी राहतं. आणि कमरेचा पट्टा पोटावरून नाही, मांडी आणि कमरेच्या वळणातून, साधारण ४५ अंशात खाली-मागे ओढलेला हवा. पोटावर बांधलात तर ती त्याखालून घसरेल.

वाढीसाठी सोय असतेच, पण ती खुर्चीच्या आत हवी. पाठीची गादी मागे घेऊन खोली वाढवता येते का, पायठाण खाली सरकतं का, बाजूच्या गाद्या बाहेर घेता येतात का, हे दुकानदाराला करून दाखवायला सांगा. नुसतं "होतं मॅडम" पुरत नाही.

विट्याचा_बाप्या

ताई, मॅडम सांगत्यात ते शंभर टक्के. आमी केलंय हे येडेपण.

आमचं पोरगं पाच वर्षाचं आसताना मोठी खुर्ची घेतली. रुबाबदार होती, निळं रेक्झिन. घरी आणून बसवलं तर पोरगं दिसंना! म्हंजे डोकं दिसायचं, बाकी खुर्चीच. मग डाव्या बाजूला उशी, उजव्या बाजूला गोधडीची घडी, पाठीमागं माझा जुना स्वेटर, पायाखाली विटा. आई म्हणायची, पोराला बसवलंय का आंब्याची आडी लावलीय? वर्सभर आसंच. रोज बसवायला दोन मानसं आन् पंधरा मिनिटं. शेवटी कटाळून खुर्ची माळ्यावर आन् पोरगं परत भुईवर.

पाच वर्सानं मापात आली तवा काढली, तर फोम उंदरानं खाल्लेला.

बिनकामाचा

आंब्याची आडी =)) =))

रहिमतपूरचे_आप्पा

सर्वांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. वय ७१. आमच्या काळात अशी मुले घरात असत, पण कोणी त्यांना खुर्चीत डांबत नसे. अंगणात गोधडीवर सोडत, मूल रांगत-सरकत कुठेही जाई. अंगाला तेल लावून उन्हात ठेवत. आता प्रत्येक गोष्टीला यंत्र. मूल हलले पाहिजे. सूनबाईंच्या सासूबाई बोलल्या त्यात तथ्य आहे. सोय झाली की शरीर आळसावते.

कॅलिपरवाला

आप्पा, नमस्कार. तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे, म्हणून बेताने लिहितो.

"सरकत कुठेही जाई" त्यातलाच मी एक. दीड वर्षाचा असताना पोलिओ, दोन्ही पाय गेले. गाव पलूसच्या बाजूचं. नऊ वर्षांचा होईपर्यंत हातांवर सरकत होतो. तुम्हाला अंगणातलं मूल हलताना दिसलं. मला आठवतात ते तळहाताचे घट्टे, गुडघ्याला गुंडाळलेली सायकलची ट्यूब आणि सगळ्यांच्या चपला. माणसं मला चपलांवरून ओळखू यायची, कारण माझी नजर तेवढ्याच उंचीला असायची. पावसाळ्यात शाळा बंद. शाळेला सुट्टी नसायची, चिखलातून सरकता यायचं नाही म्हणून माझ्यापुरती बंद.

नवव्या वर्षी कॅलिपर (पायाला बांधायचे धातूच्या पट्ट्यांचे आधार) आणि कुबड्या मिळाल्या, पुढे हाताने चालवायची तीनचाकी. बँकेत ३१ वर्षं नोकरी झाली. आज घरात कॅलिपर, बाहेर व्हीलचेअर. चाकं आली म्हणून पाय गेले नाहीत, पाय आधीच गेले होते.

सासूबाईंना राग येऊ नये असं सांगा की चष्मा लावला म्हणून डोळे आळशी होत नाहीत.

रहिमतपूरचे_आप्पा

आपण सांगितलेले चपलांचे मनाला लागले. शब्द मागे घेतो. तेलाचे मात्र घेत नाही.

कॅलिपरवाला

तेल मीही लावतो :)

खुबा_गुडघा_घोटा

आप्पांच्या म्हणण्यातलं अर्धं मी उचलते. मूल हललं पाहिजे हे खरंच आहे. दिवसभर खुर्चीत ठेवणं चूकच. थोडा वेळ खुर्ची, थोडा वेळ उभं, थोडा वेळ सतरंजीवर पालथं किंवा कुशीवर, थोडा वेळ कुणाच्या तरी मांडीवर. एकाच स्थितीत तासन् तास नको, मग ती कितीही "करेक्ट" असो. पण चाकं लवकर दिल्यानं मुलांचं चालणं थांबलं असं दिसलेलं नाही. उलट स्वतःहून कुठेतरी जाता आलं की मूल जास्त बोलतं, जास्त हट्ट करतं. (हट्ट ही चांगली खूण आहे, आयांनो.)

माहुलीताई, एक विचारायचं राहिलं. तिची जीएमएफसीएसची पातळी कुणी सांगितलीय का? मूल स्वतःच्या हालचाली कितपत करतं त्यावरून एक ते पाच पातळ्या असतात. पहिलीतलं मूल चालतं-पळतं, पाचवीतल्याला मान धरायलाही आधार लागतो. १९९७ साली कॅनडातल्या मंडळींनी ही पद्धत बसवली, आता जगभर वापरतात. मला तुमची लेक चौथीच्या आसपास वाटते, पण हा अंदाज. चौथी-पाचवीतल्या मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकण्याचा धोका बराच असतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्यामुळे कमरेचा एक्स-रे कधी काढलाय? नसेल तर खुर्चीच्या आधी तो.

भडंगप्रेमी

मी सांगलीचा, भाच्याला सीपी आहे. अवांतर वाटेल, पण सांगतो. २०१९ च्या पुरात बहिणीचं घर पाण्यात गेलं. बोट आली तेव्हा पोराला उचलला, खुर्ची राहिली. निवाऱ्याच्या शाळेत आठ दिवस पोरगं बेंचावर आडवं. माणसं भली होती, जेवण-कपडे सगळं मिळालं, पण त्याला बसवणार कशात? खाणंसुद्धा आडवं भरवावं लागलं आणि दोनदा जबर ठसका लागला. पाणी ओसरल्यावर खुर्ची मिळाली, चाकांच्या बेअरिंगमध्ये गाळ, फोम कुजलेला, पाइप गंजलेला.

तेव्हापासून बहिणीकडे पुठ्ठ्याची एक हलकी खुर्ची असते. पूर आला तर ती पहिली बाहेर.

कोरीव_काम

पुठ्ठ्याची?? पाण्यात??

भडंगप्रेमी

पाण्यात नाही हो, पाण्याच्या *आधी* बाहेर काढायची. जाड खोक्यांचे पुठ्ठे, खळ लावून थरावर थर चिकटवायचे, दाबाखाली वाळवायचे, वर कागदाच्या पट्ट्या आणि शेवटी वॉर्निश. लाकडासारखं टणक होतं. १९७० च्या दशकात झिंबाब्वेत एका शिक्षकानं ही पद्धत काढली. पोराच्या मापानं हवी तशी कापता येते, वर्षानं लहान झाली की दुसरी करायची. खर्च खळीचा आणि धीराचा. भाच्याच्या खुर्चीवर आतल्या बाजूला अजून एका बिस्किटवाल्याचं नाव दिसतं.

खुबा_गुडघा_घोटा

तो ठसक्याचा मुद्दा सगळ्यांनी नीट वाचा. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं की वारंवार न्यूमोनिया होतो. भरवताना मूल उठून बसलेलं, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्यानं उभं राहून वरून घास देऊ नये, मूल मान मागे टाकतं. खाली बसा, त्याच्या डोळ्यासमोर.

कोरीव_काम

बरं, सुताराचा विषय निघालाच आहे. धंद्यानं सुतार नाही, पण मिरजेत सतारी-तंबोऱ्यांची कामं बघत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे लाकडाचं वेड आहे. चुलतभावाच्या मुलीसाठी कॉर्नर चेअर केली. पाठ सपाट नसते, भिंतीच्या कोपऱ्यासारखी काटकोनात दोन फळ्या. त्यामुळे खांदे आपोआप थोडे पुढे येतात आणि दोन्ही हात समोर एकत्र येतात. दोन मांड्यांच्या मध्ये एक गुळगुळीत ठोकळा, पाय कात्रीसारखे होऊ नयेत म्हणून. समोर ट्रे.

पहिल्या खेपेस केलेल्या चुका: बैठकीला सनमायका लावला, छान चकचकीत. मुलगी घसरगुंडीसारखी खाली. दुसरी, तळ पुरेसा रुंद नव्हता. अंग एकदम ताठ करून तिनं मागे झटका दिला आणि खुर्चीसकट उलटी. नशीब, मागे गादी होती. आता तळ बैठकीपेक्षा चांगला वीतभर मागे काढलाय. १८ मिलिमीटरचा प्लाय, सगळ्या कडा गोल, एकही खिळ्याचं डोकं वर नाही, बैठकीला घट्ट फोम आणि वर जुन्या जीन्सचं कापड. घसरत नाही आणि धुता येतं.

भडंगप्रेमी

भोपळा नाही लावला खाली? सूर चांगला लागला असता.

कोरीव_काम

ट्रेला तबल्यासारखं बडवते, तेवढं पुरे.

खुबा_गुडघा_घोटा

कोरीव_काम, काम झकास. एक दुरुस्ती सुचवते. जमिनीलगतच्या कॉर्नर चेअरमध्ये मुलं पाय लांब पसरून बसतात. ज्यांच्या मांडीच्या मागच्या शिरा ताठ आहेत त्यांना ते जमतच नाही. शिरा कंबर मागे ओढतात आणि पुन्हा तोच पोक. माहुलीताईंची लेक भिंतीला टेकवून पाय पसरल्यावर कलते, त्यात हेही असू शकतं. अशांना बैठक तीन-चार इंच उचलून, गुडघे वाकवून बसवायचं. त्याच मुलीला चौरंगावर, पाय खाली सोडून बसवून बघा, फरक डोळ्याला दिसेल.

माल_रेडी

सर्व प्रकारच्या चेअर होलसेल भावात घरपोच, इनबॉक्समध्ये

[जाहिरात संपादित. — व्यवस्थापक]

बिनकामाचा

वाढत्या अंगाची जाहिरात.

जतच्या_बाई

समग्र शिक्षातली विशेष शिक्षिका. वाड्या-वस्त्यांवर फिरते, त्यामुळे कागदांचं मी सांगते.

पहिलं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, ते नसेल तर पुढचं सगळं अडतं. केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिच्यातून कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीच्या सीपी चेअर, व्हीलचेअर, कॅलिपर वगैरे शिबिरांत देतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. मोठ्या माणसांना एकदा साधन मिळालं की तीन वर्षं थांबावं लागतं, पण बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एकच वर्षाची आहे. हे फार पालकांना माहीत नसतं. "आपल्याला मिळून गेलंय" म्हणून मुलं तोकड्या खुर्च्यांत बसलेली मी बघते. शाळेत नाव असेल तर समग्र शिक्षाच्या शिबिरातूनही मिळतं, गट साधन केंद्रात विचारा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तेही ग्रामसेवकांना गोडीत विचारा. दुसऱ्यांदा कमी गोडीत. नॅशनल ट्रस्टचा निरामय विमाही काढून ठेवा. सेरेब्रल पाल्सीला चालतो, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

आता खटकतं ते. एका शिबिरात मापं घेतली जूनमध्ये आणि खुर्च्या आल्या पुढच्या वर्षी. तोवर पोरं वाढलेली. शिवाय माप म्हणजे नुसता "लहान/मध्यम/मोठा". एका आईनं पोराला त्यात बसवलं, फोटो काढून झाला, आणि तिनं मला हळूच विचारलं, "बाई, आता ही कुठं ठेवायची?" तेव्हा फोटोच्या आधी पोर बसवून बघा. पट्टा कुठे येतो, तळवे टेकतात का. बसत नसेल तर तिथेच सांगा, घरी नेल्यावर कोण ऐकत नाही.

विट्याचा_बाप्या

बाई, ती आई आमच्या गावची तर न्हाई? आमच्यात तशा खुर्चीत आता कोंबड्या आंडी घालत्यात.

कऱ्हाडची_मीनल

थोडं वेगळं लिहिते. माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. वय अकरा. इथे बहुतेक चर्चा सीपीची आहे, तिथे मूल हळूहळू का होईना, काहीतरी नवं मिळवत जातं. आमच्याकडे उलटं. स्नायूंची ताकद कमी होत जाते. आठव्या वर्षी आम्ही व्हीलचेअरला हट्टानं नाही म्हणत होतो, "चालू दे जितकं चालेल तितकं". तो शाळेत दोनदा पडला, दुसऱ्यांदा मांडीचं हाड मोडलं आणि त्यानंतर चाललाच नाही. त्या हट्टाचं ओझं मी अजून उचलतेय.

आता पाठ वाकडी होऊ नये म्हणून बाजूचे आधार लावलेली खुर्ची आहे. बॅटरीवालीसाठी पैसे जमवतोय, कारण हातात चाक ढकलायचा जोर राहिला नाही. पण एका बोटानं जॉयस्टिक चालते, आणि त्या बोटानं तो आजही मोबाइलवर मला बुद्धिबळात हरवतो.

म्हणजे ताई, ज्याचं त्याचं निदान बघून. माझा सल्ला तुमच्या लेकीला लागू होईलच असं नाही.

माहुलीची_सून

मीनलताई, काय लिहू कळत नाही. मिठी.

कॅलिपरवाला

मीनल, तुझ्या पोराला सांग, एक म्हातारा सांगलीहून डाव मांडायला तयार आहे.

फलटणचा_मामा

वॉकरबद्दल कुणीच बोललं नाही. शेजारच्या काकू कुठला म्हणतायत, तो गोल, चाकांचा, मध्ये कापडाच्या झोळीत बसवायचा? आमच्या बाळाला आजीनं बाजारातून तोच आणला होता.

खुबा_गुडघा_घोटा

नको नको नको. तो चांगल्या मुलांनाही नको. त्यात मूल चवड्यांवर ढकलत फिरतं, ताठरपणा असलेल्या मुलाला नेमकी तीच सवय मोडायची असते. वर पायऱ्यांवरून घसरून पडायचा धोका. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

थेरपीतला वॉकर वेगळा. मुलाच्या पुढे असतो एक, आणि एक मागून येतो, रिव्हर्स वॉकर. पुढचा ढकलताना मुलं कमरेत वाकतात, मागच्यामुळे सरळ राहतात. पण तो पायांवर वजन घेऊन पावलं टाकू शकणाऱ्या मुलांसाठी. माहुलीताई, तुमच्याकडे त्याला अजून वेळ आहे. तुमच्या फिजिओंनी स्टँडिंग फ्रेम सांगितली ती बरोबर वाटते.

वाईची_वेणू

स्टँडिंग फ्रेमचा अनुभव माझा घ्या. पहिले पंधरा दिवस लेक भोकाड पसरायचा. आम्ही पट्टे आवळून भिंतीकडे तोंड करून उभा करायचो! कोण हसत उभं राहील? मग फ्रेम स्वयंपाकघरात आणली, ओट्याला लावून. त्याच्या ट्रेवर मटारच्या शेंगा टाकते. तो एक सोलतो, त्यातले तीन दाणे तोंडात, एक खाली, एखादा पातेल्यात. पाव किलो मटारला चाळीस मिनिटं. त्याचं उभं राहणं होतं आणि माझं मटार काही होत नाही.

खुबा_गुडघा_घोटा

वेणूताई, हे माझ्या दवाखान्यात लावते, परवानगी द्या. हाडांना बळकटी यायला साधारण दिवसाला तासभर, आठवड्यातून पाच दिवस उभं राहणं धरतात. सलग नको, दोन-तीन हप्त्यांत. सुरुवात दहा मिनिटांनी. खुब्यासाठी पाय थोडे फाकवून उभं करता येणारी फ्रेम मिळाली तर उत्तम. मान-पाठ बरी असेल तर पोटाकडून आधार देणारी, मान कच्ची असेल तर पाठीवर झोपवून हळूहळू उभी करायची. सुताराकडून करून घ्यायला ही खुर्चीपेक्षा सोपी.

रहिमतपूरचे_आप्पा

उंबरा आणि चार पायऱ्यांचे कोणी बोलले नाही. मी गवंडीकाम पाहिलेला माणूस आहे. उताराला एकास बारा हे प्रमाण धरतात. एक इंच चढायला बारा इंच लांबी. चार पायऱ्या सात-सात इंचांच्या धरल्या तर २८ इंच, म्हणजे २८ फूट उतार. एवढे अंगण आहे का?

माहुलीची_सून

आप्पा, २८ फुटांवर आमच्या शेजाऱ्यांचा गोठा आहे :D

खुबा_गुडघा_घोटा

मग पायऱ्यांवरून दोघांनी. चढवताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे, मोठी चाकं आधी, एकानं मागून ओढायचं आणि दुसऱ्यानं खालून सांभाळायचं. उतरवताना मूल समोर तोंड करून, खुर्ची मागे कलवलेली, एकेक पायरी. धरायचं ते पक्क्या चौकटीला, निघून येणाऱ्या पायठाणाला किंवा खुर्चीच्या हातांना नाही. साधी स्टीलची घडीची खुर्ची १८-२० किलो भरते हेही घेताना ध्यानात ठेवा, वर मूल. उंब्र्याला मात्र दोन्हीकडून लाकडी पाचर पुरेल.

बिनकामाचा

धागा वर काढतोय. दोन महिने झाले. माहुलीताई, पुढे काय केलंत? वाचून वाचून मला आता अर्धी फिजिओथेरपी यायला लागलीय.

माहुलीची_सून

आहे आहे. सगळ्यांचे आभार, उशीर झाला.

वह्या लावून माप घेतलं. रुंदी भरली साडेआठ इंच. दुकानदार देत होता ती खुर्ची चौदा इंची! चौरंगावर पाय सोडून बसवलं तर खरंच कितीतरी सरळ बसली. सासरे बघतच राहिले, "इतके दिवस आपणच तिला पाडत होतो व्हय?" म्हणाले.

चाकाची खुर्ची आत्ता घेतली नाही. इथल्याच सुताराकडून बसायची खुर्ची केली, साडेनऊ इंच रुंद, नऊ इंच खोल. कोरीव_काम यांचा तळाचा सल्ला पाळला, सनमायका फक्त ट्रेला. पाठीमागे दीड इंचाचा वेगळा फोम ठेवलाय, वाढली की तो काढायचा. पायठाणाला तीन भोकं पाडलीत, बोल्ट काढून खाली घेता येतं. पहिल्या फेरीत पट्टा पोटावर आला होता, दुसरी फेरी मारावी लागली. पुढच्या शिबिरासाठी यूडीआयडीचा अर्जही भरलाय. स्टँडिंग फ्रेम दिवाळीनंतर.

पहिल्या दिवशी ट्रेवर पोळीचे तुकडे ठेवले. आजवर मीच भरवायचे, कारण एक हात कायम स्वतःला सावरण्यात अडकलेला. त्या दिवशी दोन्ही हात मोकळे. तिनं एक तुकडा उचलला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि दारातल्या कुत्र्याला फेकला. नेम चुकला. दुसरा फेकला, तो लागला. सासूबाई म्हणाल्या, "अन्न टाकू नये गं," आणि तिसरा तुकडा स्वतःच तिच्या हातात दिला.

आता शंका. डावा पाय पायठाणावरून सारखा पुढे घसरतो. काय करू?

विट्याचा_बाप्या

कुत्र्याचं नशीब काडलं बगा.

खुबा_गुडघा_घोटा

खुर्चीत बसलेली असताना बरोबर बाजूनं एक फोटो काढून फिजिओंना दाखवा. बहुतेक बूड डावीकडून पुढे सरकत असेल, आधी ते मागे बसलंय का बघा आणि पट्टा पुन्हा जुळवा. त्यानंतरही घसरला तर घोट्यावरून ४५ अंशात मागे-खाली जाणारा एक छोटा पट्टा पायठाणाला लावा. नुसता पाय बांधून ठेवला आणि बूड तसंच राहिलं तर काही उपयोग नाही.

आणि माहुलीताई, एवढं सगळं लिहिलंत, एक्स-रेचं काही बोलला नाहीत.

माहुलीची_सून

मंगळवारी आहे.